‘ह’चा खंड

“ह आला का गो, ह?” लडकू शहापूरच्या वाचनालयाच्या पायरीवरूनच ओरडला. मागून येणाऱ्या हिराबाईला कुठं तोंड लपवू असं झालं.

“आला बाबा, आला!” ग्रंथपाल संजीवनीनं विटेएवढा जाड खंड टेबलावर ठेवला. सगळ्या विज्ञानाचा मराठी कोश, आणि हा त्याचा शेवटचा खंड. सत्तरीचा लडकू जागच्या जागी नाचायलाच लागला.

या कोशापायी हिराबाईनं बेचाळीस वर्षं काढली होती. लग्नाच्या आदल्या साली कोशवाले साहेब सिद्धगडावर झाडं टिपायला आले. लडकूनं त्यांचं बोचकं वाहिलं आणि एका झुडपाचं नाव सांगितलं. कुठलं नाव, ते मात्र बायकोलाही सांगेना. “ह येऊंदे, मग बगा!” आणि ह तर पार शेवटी! ‘क’च्या खंडाला थोरली पोटात होती, ‘प’च्या खंडाला तिचं लग्न झालं. मध्येच संपादक वारले, सात वर्षं पान हललं नाही. खंड आल्याचं कळलं की हा मुरबाडहून एसटीनं शहापुरात हजर. गावानं त्याला ‘कोशवाला’च करून टाकलं होतं. आज नाव निघालं नाही तर गाव हसून लोळेल आणि म्हातारा खचेल. हिराबाईनं मनातल्या मनात नारळ बोलला.

“सिद्धगडचं झुडूप बग गो,” लडकू म्हणाला. संजीवनीचं बोट पानावरून सरकत सरकत थांबलं.

“हिरू. सिद्धगडाच्या उतारावरचे काटेरी झुडूप. फुले पांढरी. मुळीचा काढा तापावर देतात.”

हिराबाईच्या हातातली पिशवी खाली पडली. “आगं बया, हिरू तर माजं माहेरचं नाव!” लग्नानंतर ते नाव कुणाच्या तोंडी आलं नव्हतं.

“बाबा, झुडपाचं खरं नाव काय?” संजीवनीनं विचारलं.

“मला काय ठावं? त्या दिसांत दुसरं नावच सुचत नव्हतं.”

संजीवनी खो खो हसली. हिराबाईला हसू आवरेना, रडूही आवरेना.

“आवो, पन तवा तर आपलं लगीनबी ठरलं नव्हतं! अंतरपाट सरला तवा मला पयल्यांदा बगितलं, आसं सांगता ना जलमभर?”

लडकूनं खंडाआड तोंड लपवलं.

“खोटं गो ते. दारची विहीर सोडून म्हशीला पानी पाजाया तीन कोस तुज्या गावाला कोन येतं?”