खिशातलं

वर्षाकाठी दोन पोती ज्वारी आणि दिवाळीचं एक लुगडं. जानेफळच्या महादेवरावांनी धुण्याचं मशीन घरात आणलं तेव्हा एवढं वाचणार, असा त्यांचा हिशेब होता. एवढं ते तानुबाई वरठिणीला देत. तिच्या सासूच्या काळापासून या घरचं धुणं त्यांच्याकडेच. भावकीतल्या बाकी घरांचंही; तिथले दाणे ती हंगामात मळणीच्या खळ्यावरून नेई. मशीन मुंबईच्या जावयानं कुठून तरी अर्ध्या किमतीत मिळवून दिलेलं. पंचक्रोशीत दुसरं नव्हतं, हा नफा वेगळा. तो पोत्यांत मोजता येत नाही.

महिन्याभरातच मशीन खडखडायला लागलं. मग इतकं, की शेजारच्यांनी भिंतीवरून विचारावं. बंद ठेवलं. आठ दिवसांचं धुणं साचलं, तेव्हा सुभद्राबाईंनी नवऱ्याला न विचारता तानुबाईला निरोप धाडला. त्यामुळे दुरुस्तीला बोलावलेला मोतीराम मशीन उघडायला बसला त्या सकाळी तानुबाईही न्हाणीच्या दाराशी बसली होती. एकेक कपडा मांडीवर घेऊन खिसा उलटा करत होती. हा तिचा नेम. खिशात निघेल ते ज्याचं त्याच्या हातात, मगच कपडा पाण्यात.

मेहकरचा मोतीराम विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. असलं मशीन त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं, पण ते सांगून मजुरी कशाला कमी करायची? त्यानं पेचकसाचं टोक मशीनला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"बेरिंग गेलं काय बे?" महादेवराव चिडूनच होते. भावकीतले चारपाच जण जमले होते. मशीन आलं तेव्हा यातला एकही फिरकला नव्हता. बिघडलं म्हटल्यावर सगळे हजर.

"थांबा ना मालक." मोतीरामनं खालचा पट्टा उतरवून मोटार नुसतीच फिरवली. ती निमूट फिरली. "मोटार चांगली हाय. बेरिंगबी चांगलं. वर टाकीत काई तरी फसलं."

"फसलं कसं? टाकलं म्हन." महादेवरावांनी तानुबाईकडे बोट केलं. "काम गेलं तवापासून हिच्या पोटात दुखून राह्यलं."

"म्या तं मशीन आजच पाह्यलं, मालक," तानुबाई मान वर न करता म्हणाली.

मोतीरामनं टाकीच्या तळातली फिरती चकती खोलली आणि खाली हात घातला. दोन गुंड्या निघाल्या. एक सुपारी, पाच पैशांचं नाणं. एकेक वस्तू तो फरशीवर ओळीनं ठेवत गेला. शेवटी निघालं ते चांदीचं जोडवं.

सुभद्राबाईंनी ते उचललं, पाटावर बसल्या आणि सगळ्यांदेखत पायाच्या बोटात घालून पाहिलं. नखापुढे सरकेना.

"घरात जोडवी घालनारी मी एकली. लेक मुंबईले," त्या म्हणाल्या. "हे कोनाचं?"

महादेवराव हिशेबाला पक्के, पण त्या वेळी घाई झाली. "तानुबाईचं असंल," ते म्हणाले. "दुसरं कोन हात लावते कपड्याले?"

तानुबाईचा नवरा वारला त्याला अकरा वर्षं झाली होती. त्या दिवशी तिची जोडवी उतरवली, तेव्हा जमलेल्यांतले दोघे तिथं होते.

तानुबाई उठली. मांडीवरचा कपडा खाली पडला.

"रांडमुंड बाईच्या पायात जोडवं घालता, मालक? पाच मानसांत?" आवाज चढलेला नव्हता. "वीस वर्सं तुमच्या बंडीच्या खिशातून जे निंगालं ते तुमच्या हाती देल्लं. कोनापाशी बोलली नाही. या मशीनले खिसा पाहाची अक्कल नाही, त्याले म्या काय करू?"

सुभद्राबाई जोडवं मुठीत धरून तिच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"म्हंजे तुले ठाऊक हाय."

तानुबाईनं खाली पडलेला कपडा उचलला.

"नाव सांग, तानू," सुभद्राबाई म्हणाल्या. "मशीन आजच गाडीत घालून धाडतो मुंबईले. तुही ज्वारी, तुहं लुगडं, सारं पयल्यासारखं. वरून एक पोतं जास्तीचं."

तानुबाईच्या घरात खाणारी चार तोंडं होती आणि हिशेब तिलाही येत होता. नाव बाहेर पडलं की जोडवं जिचं तिचं घर मोडेल आणि मालकाच्या घरची चूल मात्र त्याच दिवशी वेळेवर पेटेल, हे तिला गावातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं.

"मालकाले इचारा," ती म्हणाली. "त्याईलेबी ठाऊक हाय."

सगळ्या माना वळल्या. महादेवराव मशीनकडे पाहत होते.

"चकती बसव बे, मोतीराम," ते म्हणाले. "चालू करून पाहू."

मशीन चालू झालं. इतकं हलकं, की ओसरीवर कुणी खाकरलेलं ऐकू आलं. सुभद्राबाईंनी नवऱ्याकडे पाहिलंच नाही. त्याच्यावर काढायचा तो राग सगळाच्या सगळा घेऊन त्या तानुबाईकडे वळल्या.

"निंग. अन् आमच्या भावकीच्या खळ्यावर यंदा दिसली तं पाह्य."

मोतीरामला मजुरी मिळाली, मेहकरपर्यंतचं भाडं आणि वर चहा. महादेवरावांना मशीन मिळालं. त्या हंगामात भावकीची सात खळी झाली. तानुबाईला एकाही खळ्यावरून ओंजळभर दाणे मिळाले नाहीत. आणि जिच्यासाठी तिनं तोंड मिटलं, ती बाई तेव्हापासून तानुबाईच्या दारावरून जात नाही. पाण्याला लांबच्या बोळानं जाते.