वीणेची खुंटी

तिसऱ्या खांबापाशी आकाराम थबकला. इथंही तेच. कमरेच्या उंचीवर कुऱ्हाडीचे घाव, आतला पांढरा गर उघडा पडलेला, खाली ढलप्यांचा ढीग. मुठीनं ठोकलं तर खांब कुरकुरला आणि वरची माती त्याच्या खाकी सदऱ्यावर सांडली.

गहाणात बुडालेलं, कोर्टानं जप्त केलेलं रहिमतपुरातलं हे घर परवा लिलावाला निघणार होतं. बेलीफ अनंतराव टाळं काढून देऊन बाहेरच तंबाखू मळत बसले होते. जुना मालक सयाजी डोक्यानं फिरलाय, मागच्या दारानं शिरून त्यानंच खांब तोडलेत, एवढं मात्र त्यांनी सांगून टाकलं होतं. अंगणात त्याची बायको मनुबाई उभी होती. आकाराम ब्रह्मदेशात लढत होता ती चार वर्षं तिनं भावाच्या गोठ्यात म्हशीशेजारी काढली होती. येताना वाटेत ती एवढंच बोलली होती, "भिताडं कशीबी असूंद्यात, दार आपलं पायजे."

चौथा. पाचवा. सहावा. हे घाव रागाचे नव्हते, जीव घ्यायचे होते. आकारामला त्यातला फरक कळत होता. त्यानं दोन्ही घातले होते. असलं घर घेऊन काय करायचं, म्हणत तो माघारी वळला.

तेवढ्यात देवघराच्या दाराशी सातवा खांब दिसला. त्याला ओरखडाही नव्हता. छातीच्या उंचीवर एक लाकडी खुंटी, हाताळून गुळगुळीत झालेली, आणि भोवती बुक्क्याचा जुना काळा डाग. म्हणजे सप्ताह उठला की गावची वीणा इथं मुक्कामाला यायची. लहानपणी बापाचं बोट धरून तो कीर्तनाला जायचा. बाप अशा खुंटीखाली आधी डोकं टेकायचा, मग बसायला जागा बघायचा. घर बघायला आलोय हे आकाराम विसरला. त्यानं टोपी काढली आणि वाकून खांबाच्या पायथ्याशी कपाळ टेकलं.

मानेवरून वारा गेला. वर लाकूड फाटलं.

उठता उठताच त्यानं मागच्या माणसाचं नरडं धरलं. सयाजीच होता. पहिल्या ठोशाला त्याचे दात आकारामच्या बोटांत रुतले. दुसऱ्याला तो ढलप्यांत उताणा पडला. आकारामनं छातीवर गुडघा रोवला आणि पलटणीत शिकवलं होतं तसे दोन्ही अंगठे नरड्याच्या घाटीवर दाबले. मनुबाई ओरडत होती. अनंतराव दारात तसेच उभे, मळलेली तंबाखू तळहातावर.

सयाजी हात उचलत नव्हता. त्याचं तोंड निळं पडत होतं, पण डोळे आकारामकडे नव्हतेच. ते वर लागले होते. खुंटी मोडून लोंबत होती आणि तिच्याखाली कुऱ्हाड चार बोटं आत रुतली होती.

आकारामची बोटं सैल झाली.

"ह्यो एक ठिवला हुता रं," सयाजी रक्त थुंकत म्हणाला. "ह्याच्याव हात उठला न्हवता माजा."

अनंतरावांना आता वाचा फुटली. पोलीस पाटलाला बोलावतो म्हणाले.

"कशाला? घाव खांबाला बसलाय," आकाराम म्हणाला. "मला न्हाई."

त्यानं कुऱ्हाडीचा दांडा धरून ओढला. निघेना. खांबाला पाय लावून हिसका द्यावा म्हणून त्यानं पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला. मग सयाजी धडपडत उठला. त्यानंही दांड्याला हात घातला. दोघांनी मिळून ओढली तेव्हा कुऱ्हाड सुटली. सयाजीनं ती उंबऱ्याकडे सरकवून दिली.

"एकच खांब हाय गं," आकाराम बायकोला म्हणाला. "त्योबी आता असा."

मनुबाई आत आली. सहाही खांबांवरून तिनं हात फिरवला. "टेकू लावू की," ती म्हणाली, आणि अनंतरावांना सांगितलं, परवा आमी येतो.

मग तिनं पदराची पट्टी फाडून सयाजीपुढं धरली. त्याच्या हनुवटीवरून रक्त ठिबकत होतं. त्यानं पट्टी घेतली, मोडकी खुंटी उचलून जागेवर धरली, आणि खांबाला घट्ट बांधली.