चुकलं असेल तर रागवा

ऑफिसच्या सर्व्हरवर टाकायच्या सॉफ्टवेअरचे चाळीस अपडेट तपासून झाले होते, एकावर ती अडून बसली होती. साहेब तिसऱ्यांदा खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"अगं, टाक की सर्व्हरवर! कोडमध्ये काही खोट सापडली का?"

"नाही सर. पण हे सॉफ्टवेअर लिहून फुकट वाटणारा माणूस दर अपडेटखाली लिहितो, 'चुकलं असेल तर रागवा.' या वेळी ती ओळच नाही. दुसऱ्याच कोणी त्याच्या खात्यात घुसून हे केलं असेल तर?"

"लाखभर लोकांनी कधीच घेतलंय ते. तूच एक बसलीस भिंग लावून!"

तिने सरळ त्या माणसालाच मेल टाकली : "ती ओळ का नाही?" आणि पाय हलवत स्क्रीनकडे बघत राहिली.

उत्तर आलं.

"बाबा गेले. अर्धं राहिलेलं काम मी पुरं केलं, पण ती ओळ लिहवेना. लाखभर लोकांत विचारणारे तुम्ही पहिलेच."