राणीच्या मानेवरची गाठ

बाईनं हार हातात घेतला आणि आधी उलटा केला. टेबलामागची हारवाली पुढे झुकली. गिऱ्हाईक हार समोरून बघतं, गळ्याला लावून आरशात मुरकतं, भाव पाडतं. मागची गाठ कोण कशाला बघतंय? या बाईनं मात्र चष्मा कपाळावर सारून गाठच निरखली. नखानं टोकरूनही पाहिली.

"कोणी केला हा?"

हारवाली गडबडली. याच प्रश्नाची तर ती इतके दिवस वाट बघत होती.

जुन्या बाजारात तिचं टेबल होतं. कुणाच्या कोटाची बटणं, तुटक्या माळांचे मणी, पडद्यांच्या पितळी कड्या, बंद घड्याळांच्या साखळ्या. लोकांनी टाकून दिलेल्या या मालातून ती टीव्हीवरच्या राणीचे दागिने करायची. दुपारी ती ऐतिहासिक मालिका लागायची. राणीनं जे घातलं, ते पुढच्या बाजाराला हिच्या टेबलावर हजर! पोरी नुसत्या उड्या टाकायच्या. शेजारी जुन्या टोप्या विकणारा म्हातारा तिला चिडवायचा.

"काय गं हे राणीचं वेड? आणि त्या काळातल्या राण्या म्हणे केस मोकळे सोडायच्या. ही बरी सदानकदा वर बांधून बसते! इतिहासाचं पार वाटोळं केलंय लेकाच्यांनी."

"बांधू दे की! तुझं काय जातंय?"

राणीचं वेडबिड काही नव्हतं. राणीचा चेहरासुद्धा तिला धड आठवत नसे. ती बघायची फक्त मान. राणी पाठमोरी झाली की हाराची गाठ दिसायची. दोरा डावीकडून वळवलेला, त्यावर दोन वेढे, आणि शेपूट शेवटच्या मण्याच्या पोटात दडवलेलं. हारवालीच्या डावखुऱ्या आजीनं काढलेली गाठ होती ती. आजी गेली, आणि जगात ती दोघींनाच येत राहिली. एक हारवाली, दुसरी तिची लेक.

लेकीला स्टुडिओत दागिने करायचं काम मिळालं, तेव्हा हारवालीनं घर डोक्यावर घेतलं होतं. "त्या नाटक्या लोकांत गेलीस तर पुन्हा मला तोंड दाखवू नकोस!" पोरगी आईच्याच वळणावर गेलेली. तिनं खरंच दाखवलं नाही. नंबर बदलला, पत्ता कळवला नाही. हारवाली एकदा स्टुडिओच्या फाटकापर्यंत जाऊन आली. पहारेकऱ्यानं उभंसुद्धा केलं नाही. मग एका दुपारी टीव्हीवर ती मान दिसली, आणि हारवाली हातातला घास ताटात टाकून ढसाढसा रडली. जिवंत आहे, काम करतेय, आणि आईची गाठ विसरलेली नाही!

म्हणून हे हार. प्रत्येकाला तीच गाठ. कुणाच्या तरी गळ्यातून एखादा स्टुडिओपर्यंत जाईल, पोरगी तो उलटा करील आणि समजेल की आई बोलावतेय. एवढीच आशा.

"सांगा ना," बाई म्हणाली. "कोणी केला?"

"तुम्ही स्टुडिओतल्या का हो?"

बाई नुसती हसली. हारवालीला काय बोलू आणि काय नको असं झालं.

"राणीचे हार जी करते ना, तिचीच गाठ आहे ही! दुसऱ्या कुणाला जमायचीच नाही. तिला नेऊन दाखवा. बघा कशी ओळखते ते!"

"दाखवते की," बाई म्हणाली. घासाघीस न करता हार घेऊन गेली.

त्या आठवड्यात हारवालीनं घर लख्ख केलं. लेकीची गादी उन्हात घातली. आरशासमोर उभं राहून "चुकलं माझं" म्हणायची तालीम केली. ते शब्द तिच्या तोंडात कधी बसलेच नव्हते.

पुढच्या बाजाराला पोरगी आली. पार वाळली होती. खांद्याला भलीमोठी पिशवी, हातात तोच हार. हारवाली खुर्ची लोटून उठली, तोवर लेकीनं हार टेबलावर ठेवला.

"काम गेलं माझं, आई. राणीचे हार मी चोरून बाहेर विकते म्हणाले. बाजारात हार विकणाऱ्या बाईनंच सांगितलं म्हणे, तिचीच गाठ आहे म्हणून."

"अगं बाई गं!" हारवालीनं कपाळावर हात मारला. "मग सांगायचंस ना, माझ्या आईनं केलाय!"

"आणि तुझ्यामागे पोलीस लावून देऊ? मी म्हटलं, माझीच आहे."

टोपीवाला उगाचच टोप्या झटकू लागला.

"इथं आता मला कुणी दारात उभं करणार नाही. संध्याकाळच्या गाडीनं चाललेय. लांब."

"चुकलं माझं," हारवाली म्हणाली. तालमीतलं वाक्य भलत्याच जागी निघालं. तिनं लेकीचा हात घट्ट धरला. "मला वाटलं गं, तू गाठ बघशील आणि घरी येशील. दुसरं कसं बोलावणार होते मी तुला?"

लेकीनं दुसऱ्या हातानं हार उचलला. मग तिनं तो उलटा केला आणि गाठीवरून अंगठा फिरवला.

"राणीचे केस वर बांधा म्हणून मी सगळ्यांशी भांडले होते, आई. तुला गाठ दिसावी म्हणून."