परीक्षेचा दोर

दुसरा पदर, विसावा हात. दुसरा पदर, विसावा हात.

गेले नऊ दिवस गुंतीच्या डोक्यात हेच चाललं होतं. आज सकाळी दोराचं वेटोळं टेम्पोत चढवतानाही तेच. तोंडातून मात्र तिनं अवाक्षर काढलं नव्हतं.

लहानपणी कारखान्यात शिरून सुताचा गुंता करायची, म्हणून घरात तिचं नाव गुंती पडलं. आता तीच गुंती कारखान्याची मालकीण व्हायची होती. पणजोबांनी काढलेला दोरांचा कारखाना. नायलॉन आलं तेव्हा आसपासचे सगळे दोरवाले आडवे झाले, हा टिकला. गिऱ्हाइकाच्या हातात यांचा दोर कधी तुटला नाही, एवढंच त्यामागचं गुपित. दारावर पणजोबांची पाटी अजून होती: ‘दोर वळणाऱ्याचा नसतो, धरणाऱ्याचा असतो.’ गुंतीला ती येता-जाता दिसायची. येता-जाता दिसणारं कोण वाचतं?

कारखाना हाती घ्यायचा तर आधी परीक्षा. महिन्याभरात एकट्यानं तीन पदरी दोर वळायचा आणि जुन्या खाणीच्या कड्यावरून त्यावर माणूस उतरवायचा. चाळीस हात खोल, खाली नुसते दगड. त्या दिवशी पक्का म्हणून दोर कड्यावर लावला नाही, तर कारखाना बंद, चाळीस कामगार घरी; लावल्यावर तुटला, तर उतरणाऱ्याचं नशीब. परीक्षेच्या दिवसापर्यंत घरात कोणी त्याबद्दल एक शब्द काढायचा नाही, असा दंडक होता.

चूक तिसऱ्या आठवड्यात झाली. घाईत दुसऱ्या पदरात, विसाव्या हातापाशी, वाखाच्या तंतूंची एक ओली जुडी वळली गेली. कुजट वास आला तेव्हा तिनं पदर उकलून बघितला. आतला वाख चिमटीत धरला तर नुसता भुगा! परत वळायला दिवस उरले नव्हते. तिनं पदर मिटवला आणि वरून मेण चोळलं. झाकली मूठ.

उतरताना विसावा हात कप्पीवर वाकला की संपलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. भीतीनं अन्न गोड लागेना. पण तिनं मनाशी ठरवलं होतं: चूक आपली, जीवही आपला. दुसऱ्या कोणाच्या पोटावर पाय नको.

टेम्पोत म्हातारा मुकादम तिच्या शेजारी बसला.

“चेहरा का गं असा? मांजर आडवं गेलं की काय?”

“झोप नाही झाली.”

“काही राहिलं असेल तर आत्ता सांग, पोरी. उकलायला लाज कसली?”

“काही राहिलं नाही.”

“बघ हं. तुमच्या घराण्याचं म्हणजे सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. एकदा नाही म्हटलं की नाहीच.” तो हसला नाही.

पुढच्या सीटवर आई होती. सकाळपासून तिनं गुंतीकडे मान वर करून बघितलंच नव्हतं. कसं बघवेल बिचारीला? बाबांनी आज घड्याळ घातलं नव्हतं, विसरले असतील. त्यांच्या शेजारी आजोबा, अधू पाय लांब करून. बाबांनी धंदा हाती घेतला त्याच वर्षी आजोबा कुठेतरी पडले होते. कुठे, असं तिनं एकदा विचारलं, तर “पडलो झालं,” म्हणून त्यांनी विषय मिटवला. तेव्हापासून त्या पायाला रोज सकाळी तेल लावायचं ते बाबांनीच. असा मुलगा मिळायला भाग्य लागतं, असं लोक म्हणत.

खाणीपाशी वारा होता. कामगार आधीच जमले होते, आणि एरवी चकाट्या पिटणारी माणसं आज टोप्या काढून उभी होती. कड्यावर लोखंडी कप्पी लावलेली. गुंतीनं एकदाच खाली बघितलं. ती दोन पावलं मागे सरली. सांगून टाकावं का? तिनं मागं वळून बघितलं. चाळीस चेहरे तिच्याकडे वळलेले होते.

मुकादमानं दोर कप्पीतून ओवला आणि रीतीप्रमाणे सगळ्यांसमोर विचारलं, “दोर पक्का आहे?”

“पक्का आहे,” गुंती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

आजोबा पायावरून हात फिरवत म्हणाले, “तुझ्या बापानंही हेच सांगितलं होतं.”

बाबांनी मान खाली घातली. मग तिच्याजवळ येऊन त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “घाबरू नकोस,” एवढंच म्हणाले.

गुंतीनं डोळे मिटले आणि कमरेला फास बांधून घ्यायला दोन्ही हात बाजूला केले. आता होऊन जाऊ दे. आई, माफ कर गं.

फास येईना. मुकादम दोर मोजायला लागला होता. एक, दोन, तीन. कारखान्यातही तो असाच हातानं मोजायचा, सावकाश, आकड्यागणिक थांबून. आठ. नऊ. मोजून झालं की बांधतील. तिचे दात एकमेकांवर आपटत होते. चौदा. पंधरा. कप्पी करकरली. तिच्या पसरलेल्या हातात कोणीतरी काहीतरी थंड, जड ठेवलं आणि तिची बोटं त्यावर मिटवली. सतरा.

तिनं डोळे उघडले. हातात कारखान्याच्या किल्ल्या होत्या. समोर आई तोंडात पदर कोंबून उभी होती. कड्याच्या टोकाशी बाबांचे बूट जोडीनं काढून ठेवलेले होते, आणि त्यांच्या बाजूनं दोर ताठ होऊन खाली गेला होता.

“एकोणीस,” मुकादम म्हणाला.