पाच पिशव्या

पाच मैत्रिणींची सहल चार वर्षं ठरतच होती. ओळख मोबाइलवरच्या ग्रुपमधली, प्रत्यक्ष भेट एकदाही नाही, आणि कुठे जायचं विचारलं की प्रत्येकीचं एकच उत्तर: तुम्ही ठरवाल तसं. आज त्यांच्यातल्या शिवणकामवालीने ठेवणीतलं निळं कापड टेबलावर पसरलं आणि सरळ कात्री चालवली. संध्याकाळपर्यंत पाच पिशव्या झाल्या. त्यांवर प्रत्येकीचं टोपणनाव दोऱ्याने भरलेलं. फोटो टाकून तिने लिहिलं, “समुद्रकाठची खोली मी बुक केलीय. पिशव्या पोस्टाने येणार नाहीत. बारा तारखेला, सकाळी आठला, तिथल्या स्टेशनवर येऊन घ्यायच्या.” नवरा हसला, “यंदाही बारगळणार तुमचं. कोणी आलंच नाही तर?” तिने एका पिशवीला लोंबत राहिलेला दोरा दाताने तोडला. “तर पाचही पिशव्या खांद्याला लावून मी एकटी जाईन.” नवरा स्टूल घेऊन माळ्यावरची बॅग काढायला गेला.