पंचमीचा मुराळी

मानसिंगाचं नाव सांगून गुंडानं शालूबाईला सासरहून बाहेर काढलं, त्याला आता दीड तास होऊन गेला होता. खरं काय ते सांगायला त्याची जीभ अजून उचलत नव्हती.

शालू डोक्यावर इरलं घेऊन पुढे चालली होती. मागे गुंडा, पलटणीच्या बुटांत. राखीव जंगलातली ती पाऊलवाट श्रावणात वाट म्हणावी अशी राहतच नाही. नुसता चिखल, त्यावर कुजका पाला, आणि पाल्याखाली काय आहे ते पाय गेल्यावरच कळायचं. गुंडा पडला आटपाडीचा. त्याच्या गावी पाऊस आला तर लोक बाहेर येऊन बघतात. एवढा चिखल त्यानं ब्रह्मदेशात तुडवला होता, पण तिथे घसरलेल्याला हसायला कुणाला सवड नव्हती.

इथे तो तिसऱ्यांदा बसला तेव्हा शालू मनापासून हसली. त्यानं बुटांना बोल लावला, तर म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मग आपल्या पावलावर पाऊल टाकत यायला सांगून पुन्हा पुढे झाली. दादा, दादा करत होती. त्या हाकेनं गुंडाचं काळीज तुटायचं.

खरा मानसिंग ब्रह्मदेशातच राहिला होता. गुंडाच्या शेजारी, हाताच्या अंतरावर गोळी लागून पडला. लढाई संपली, नाव कटलं, आणि गुंडा कराडला उतरला तो स्वतःच्या घरी न जाता आधी मानसिंगाच्या आईकडे आला. धोंडुबाईनं सगळं ऐकून घेतलं. सरकारी कागद तिच्याकडे वर्षापूर्वीच आला होता. तो तिनं देवाच्या फळीवर ठेवला होता, कुणाकडून वाचून घेतला नव्हता.

पोटभर रडून झाल्यावर म्हातारीनं एकच मागणं मागितलं. पंचमी तीन दिवसांवर होती. पंचमीला लेकीला न्यायला भाऊ येतो, मुराळी होऊन. शालूचा सासरा नानासो रिवाजाला पक्का, मुराळ्याशिवाय सून उंबऱ्याबाहेर सोडत नसे. आधी दोन वर्षं चुलता मुराळी होऊन गेला, मग तोही वारला. तीन वर्षं झाली, पोरीला माहेर नव्हतं.

"तू मानसिंग म्हणून जा," धोंडुबाई म्हणाली. "लगीन झालं तवा त्यो पलटणीत हुता, तिथं कुणी बघितल्याला न्हाई. आन् शालू नऊ वर्सांची हुती त्यो गेला तवा. मिशा आलेला भाऊ तिला काय वळखू येतोय. माझ्या उंबऱ्याशी यायच्या आत मातर तिला सांग, बाबा. माझ्यानं सांगवायचं न्हाई."

तोफेच्या आवाजाला न दचकणारा गडी, पण हे ऐकून त्याला घाम फुटला.

सासरी मात्र सगळं सोपं गेलं. गुंडा दारात उभा राहिला तशी शालू बाहेर आली. शिदोरीची बुट्टी तिनं त्याच्या हातातून घेतली, वर बांधलेल्या आईच्या लुगड्याच्या तुकड्याकडे थोडा वेळ बघत राहिली, आणि आत तोंड करून म्हणाली, दादा आला. नानासोनं आवं-जावं करून जेवू घातलं, लढाईचं विचारलं. गुंडानं बेतानं सांगितलं.

वाटेत शालूही विचारील म्हणून त्यानं रात्रभर उत्तरं जुळवून ठेवली होती. ती लढाईबद्दल एक अक्षर बोलली नाही. बोलली ती लहानपणाचं. भाऊ पाठकुळी घेऊन ओढा कसा उतरवायचा, जांभळं पाडताना कसा फांदीसकट खाली आला, आई मारायला धावली की मार आपल्या पाठीवर कसा घ्यायचा. सांगायची आणि पुढे चालायची. गुंडा नुसता हुंकार भरत होता. मानसिंगानं हे कधी सांगितलं नव्हतं, आणि आता ऐकताना तो गुंडाला पुन्हा नव्यानं आवडायला लागला होता.

वाटेला दोन फाटे फुटले तिथे गुंडा अडला. येताना लाकूडतोड्यांची सोबत होती. शालू काही न विचारता डावीकडे वळली.

ओढ्यापलीकडे तिनं त्याला दगडावर बसवलं. बुटांत तीन जळवा शिरल्या होत्या, त्याला पत्ता नव्हता. तंबाखू-चुना चोळून तिनं त्या सोडवल्या, रक्त धुतलं, आणि बूट गळ्यात अडकवून अनवाणी चालायला लावलं. आता सांगावं, गुंडाला वाटलं. पण तिनं त्याच्या हातावर आईच्या हातचा लाडू ठेवला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. ही चढण सरू दे, मग सांगतो, असं करता करता चढण सरली, उतार लागला, आणि रान संपलं.

खाली गाव दिसलं. पहिलंच घर धोंडुबाईचं. दारात ती उभी होती, हातात भाकरतुकडा घेऊन.

आता मागे सरायला जागा नव्हती.

"शालू, थांब," गुंडा म्हणाला. "मी मानसिंग न्हाई."

 हुंदका आला तो आलाच. शालू वळली. इरलं बाजूला ठेवलं आणि पदरानं त्याच्या तोंडावरचा चिखल पुसला.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "सासरच्या गावचा एक शिपाई दिवाळीत रजेवर आला हुता, त्यानं दादाचं मला एकटीला सांगितलं. सासरी कुणाला कळू दिलं न्हाई मी. आता डोळं पूस, आय बघतीया. आन् पुढच्या पंचमीला दोन दिस आधी ये, दादा."